पाहुण्या पाखराच्या पायातलं कडं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, मैत्रिणींच्या आग्रहावरून छापत आहोत.)

सकाळची धावपळ आटोपून दोन घटका टेकला असाल, तर आज आपण पाखरांबद्दल बोलू या. तुम्ही म्हणाल, गटाचे हप्ते, शाळेची फी, खाडीतली घटत चाललेली मासळी एवढं सगळं समोर असताना पाखरांचं काय घेऊन बसलात? आम्हीही आधी हेच म्हणत होतो. पण एका पाखरानं आमचं मत बदललं, म्हणून आधी त्याचीच हकिगत सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही पाच-सहा जणी ओहोटीला खुबे काढायला खाडीत उतरलो होतो. तिवरांच्या मुळात एक जुनं, फाटलेलं जाळं अडकलं होतं. त्यात एक करड्या रंगाचं लहानसं पाखरू मरून पडलेलं दिसलं. त्याच्या एका पायात धातूचं बारीक कडं होतं, वर इंग्रजी अक्षरं आणि नंबर. दुसऱ्या पायात प्लॅस्टिकची रंगीत पट्टी. आम्ही ते पाखरू गावात आणलं आणि एकच गलका झाला. कुणी म्हणालं, हे दुसऱ्या देशानं हेरगिरीला पाठवलंय. कुणी म्हणालं, करणीचा प्रकार आहे. कुणी म्हणालं, पोलीस आले तर उगाच जबाब द्यावे लागतील. शेवटी भीतीपोटी आम्हीच ते कडं कापलं आणि खाडीत फेकून दिलं. नंबर कुणीच लिहून घेतला नाही.

ते कडं म्हणजे एक पत्र होतं, आणि आम्ही ते न वाचता पाण्यात टाकलं. हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. तुमच्या हातून तसं होऊ नये, म्हणून हे बोलणं.

ऐरोलीला जाऊन काय पाहिलं

गेल्या जानेवारीत गटातल्या आम्ही सात जणींनी एसटी आणि लोकल करत ऐरोली गाठली. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांच्या मधोमध ठाण्याची खाडी आहे. तिचा एक भाग सरकारनं २०१५ मध्ये ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून जाहीर केला. त्याचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त तिवरांचं जंगल, बाकीचं पाणी आणि चिखल. २०२२ मध्ये या खाडीला ‘रामसर स्थळ’ हा मान मिळाला. रामसर हे इराणमधलं गाव. तिथं १९७१ साली देशोदेशींच्या लोकांनी मिळून पाणथळ जागा राखायचा करार केला, म्हणून ते नाव.

ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे. तिथून होडीनं पाखरं पाहायला जाता येतं. होडी कधी सुटणार हे घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर ठरतं. आमच्यातल्या आजीनं लगेच तिथी मोजली. आपल्या किनाऱ्यावर बायका हिशोब करतात तोच: तिथीची पाऊणपट केली की पाणी भरण्याची साधारण वेळ कळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या आसपास. गाईड ताई म्हणाल्या, “आजी, पक्षी बघायला येणाऱ्या माणसाला आम्हाला हे सगळ्यात आधी शिकवावं लागतं.” आजीची छाती फुगली!

पाणी उतरायला लागलं तशी चिखलाची काळी पट्टी उघडी पडली आणि तिवरांच्या पलीकडे लांबलचक गुलाबी रेघ दिसली. ते रोहित पक्षी, ज्यांना सगळे फ्लेमिंगो म्हणतात. या खाडीत झालेल्या गणनांमध्ये त्यांचा आकडा लाखाच्या वर गेलेला आहे. रोहित डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि चाळणीतून पीठ चाळावं तसं पाणी चाळून बारीक शेवाळ, बारीक जीव खातो. त्याच खाण्यातल्या रंगद्रव्यानं पिसं गुलाबी होतात. पिल्लं जन्मतात ती करडी-पांढरी.

पण त्या दिवशी आमचं लक्ष जास्त गेलं ते रोहितांच्या पायापाशी तुरुतुरु धावणाऱ्या लहान पाखरांकडे. आपल्या खाडीतही ती आपण रोज बघतो. चिखल्या, तुतवार, टिलवा, टिवळा, शेकाट्या. आपण त्यांना एकाच नावानं ‘खाडीतली पाखरं’ म्हणून सोडून देतो. आमच्या जाळ्यात मेलेलं पाखरू यांच्यातलंच होतं.

एवढ्या लांबून येतात तरी कशाला?

यातली बरीचशी पाखरं इथली नाहीत. त्यांचं माहेर उत्तरेला: सायबेरिया, मंगोलिया, मध्य आशिया, तिबेटचं पठार. टिलव्यासारखी काही तर उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ माळरानावर अंडी घालतात. टिलव्याचं वजन माहीत आहे का? पंचवीस-तीस ग्रॅम. चहाचे पाच-सहा चमचे साखर घेतली तर भरेल तेवढं. एवढासा जीव हजारो किलोमीटर उडून आपल्या खाडीत येतो.

आम्ही विचारलं, थंडी सोसत नाही म्हणून येतात का? गाईड ताई म्हणाल्या, थंडीपेक्षा भुकेमुळे. पिसांच्या आत पाखरू बरीच थंडी काढतं. पण तळी, दलदल, माती सगळं गोठलं की चोच कुठं खुपसणार? अन्नच मिळत नाही. म्हणून ती दक्षिणेकडे येतात, जिथं चिखल कधीच गोठत नाही. मग इथंच का राहत नाहीत? कारण उन्हाळ्यात तिकडे दिवस फार मोठा असतो, ध्रुवाजवळ तर सूर्य मावळतच नाही. किड्यांचा सुकाळ असतो. पिल्लं वाढवायला ती जागा चांगली. म्हणजे बाळंतपण उत्तरेला आणि पोटापाण्याचे बाकीचे महिने आपल्याकडे. ऑगस्ट-सप्टेंबरपासून ती यायला लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत बहुतेक परततात. वर्षातला मोठा काळ ती आपल्या खाड्यांवर जगतात. मग त्यांना पाहुणे तरी कसं म्हणायचं?

रोहितांचं थोडं वेगळं आहे. मुंबईला येणाऱ्या रोहितांचा गुजरातशी जवळचा संबंध आहे. कच्छच्या रणात पावसाचं पाणी साठलं की तिथं त्यांची मोठी वीण होते. चिखलाचे छोटे छोटे बुरुज करून त्यावर ते अंडं घालतात.

एकाच चिखलात सगळ्यांचं ताट

आपण चिखलात उतरतो तेव्हा कुणाला काय हवं त्याप्रमाणे हत्यार वेगळं असतं. कालवं फोडायला कोयती, चिंबोरी काढायला आकडी, खुबे काढायला हात आणि पायाची बोटं. पाखरांचं हत्यार म्हणजे चोच. टिलव्याची आणि चिखल्याची चोच आखूड, म्हणून ती वरवरचं टिपतात. टिवळ्याची मध्यम, तो थोडं खोल जातो. गॉडविट, म्हणजे पाणटिवळा, त्याची चोच लांब आणि सरळ. कर्ल्यूची चोच लांब आणि खाली वाकलेली, विळ्यासारखी. तो खोल बिळातला किडा किंवा खेकडा ओढून काढतो. त्यामुळे एकाच चिखलात दहा जातींची पाखरं चरतात आणि भांडणं कमी होतात. चिखलात काही जिवंत उरलं नाही, सांडपाण्यानं आणि रसायनांनी तो मेला, की पाखरंही नाहीत आणि आपले खुबेही नाहीत. आमच्यातली एक जण म्हणाली, “म्हणजे पाखरं दिसतायत तोवर आपलीही टोपली भरेल!” अगदी तंतोतंत नाही, पण म्हणणं खोटंही नाही.

पाखरांना आणखी एक गोष्ट लागते, जी आपल्या ध्यानात येत नाही. भरतीला, विशेषतः उधाणाच्या भरतीला, सगळा चिखल पाण्याखाली जातो. तेव्हा चार-पाच तास कुठंतरी उंचावर बसून राहावं लागतं. मिठागरांचे बांध, खाजणातले उघडे माळ, उथळ तळी या त्यांच्या विसाव्याच्या जागा. नवी मुंबईत नेरूळ भागातल्या पाणथळ जागांवर भरतीच्या वेळी रोहितांचे थवे येऊन बसतात ते याचसाठी. चरायची जागा राखली आणि विसाव्याची जागा भराव टाकून बुजवली, तर उपयोग नाही. घरात स्वयंपाकघर आहे पण टेकायला ओटी नाही, असं होईल.

आणि विसावा म्हणजे आळस नव्हे. परतीच्या प्रवासाआधी या पाखरांना अंगावर चरबी चढवावी लागते. तीच वाटेतली शिदोरी. काही जातींचं वजन निघताना दीडपट, क्वचित दुपटीपर्यंत जातं. विसाव्याच्या जागी पोरांनी दगड मारला, कुत्रं सोडलं, की सगळा थवा उठतो आणि त्यातली थोडी शिदोरी खर्च होते. दिवसात पाच-सहा वेळा असं झालं तर पाखरू उपाशीपोटी निघेल, आणि वाटेत पडेल.

आम्ही भीत भीत विचारलं, “मग आम्ही चिखलात जातो त्याचाही त्यांना त्रास होतो का?” उत्तर मिळालं की ओहोटीला चिखल मोठा असतो. माणूस हळू चालत असेल तर पाखरं थोडी बाजूला सरकतात आणि पुन्हा चरायला लागतात. आपल्यामुळे खरी अडचण होते ती टाकून दिलेल्या जाळ्यांमुळे. आमच्या पाखराचा जीव तशाच जाळ्यानं घेतला होता. ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

कडं कोण घालतं, कसं घालतं

आता कड्याकडे वळू. ही हेरगिरी नाही आणि करणीही नाही. हे अभ्यासाचं काम आहे. इंग्रजीत त्याला रिंगिंग म्हणतात. आपल्याकडे ते प्रामुख्यानं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस ही संस्था करते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली ही संस्था आहे. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी आयुष्यभर याच संस्थेतून काम केलं. ठाण्याच्या खाडीतही संस्थेनं गेल्या काही वर्षांत खूप पाखरांना कडी घातली आहेत.

पाखरं पकडायला फार बारीक धाग्याचं जाळं लावतात. ते दिसत नाही इतकं झिरझिरीत असतं. खाडीतल्या पाखरांसाठी बहुधा अंधाऱ्या रात्री, पाणी चढत असताना लावतात. माणसं जवळच थांबून पुन्हा पुन्हा जाळं तपासतात. अडकलेलं पाखरू अलगद सोडवून कापडी पिशवीत ठेवतात. अंधारात ते शांत राहतं. मग त्याची जात, वय, पंखाची आणि चोचीची लांबी, वजन, सगळं वहीत लिहितात. पायाच्या मापाचं हलकं धातूचं कडं चिमट्यानं बसवतात. ते घट्ट नसतं, पायात फिरेल इतपत सैल असतं, पण निसटत नाही. आपण बाळाच्या पायात वाळा घालताना जो विचार करतो, तोच. त्यावर संस्थेचं नाव आणि नंबर कोरलेला असतो. एक नंबर दुसऱ्या पाखराला कधीच देत नाहीत. आपल्या आधार कार्डासारखं. मग पाखराला सोडून देतात.

धातूच्या कड्यावरची अक्षरं बारीक, ती पाखरू हातात आलं तरच वाचता येतात. म्हणून काही पाखरांच्या पायाला वरच्या बाजूला रंगीत पट्टी लावतात, तिच्यावर मोठी अक्षरं-आकडे असतात. ती दुर्बिणीतून किंवा फोटोवरून वाचता येतात. कुठल्या देशानं, कुठल्या जागी कुठले रंग वापरायचे हे आपसात ठरलेलं असतं. मोठ्या पाखरांच्या पाठीवर कधी कधी उन्हावर चालणारं छोटं यंत्र बसवतात. ते कुठं आहे हे उपग्रहामार्फत कळतं. अशा यंत्राचं वजन साधारणपणे पाखराच्या वजनाच्या शंभरातल्या तीन भागांहून जास्त नसावं, असा दंडक आहे. साठ किलोच्या बाईच्या खांद्यावर पावणेदोन किलोची पिशवी असावी, तेवढं.

आणि हे कुणीही करायचं नाही बरं का. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. हौसेखातर पाखराच्या पायात दोरा बांधणं हा गुन्हाही आहे आणि क्रूरपणाही.

यातली आम्हाला भावलेली गोष्ट म्हणजे पाखरं पकडणारी माणसं. बिहारमधला मीरशिकार समाज पिढ्यान्‌पिढ्या पाखरं धरून विकायचा. पाखराचा आवाज काढणं, त्याची सवय ओळखणं, जखम न करता धरणं हे त्यांच्या हातात होतं. बीएनएचएसनं त्यांच्यातल्या काहींना याच कामाला घेतलं. जे हात पाखरं विकत होते तेच हात ती मोजून सोडायला लागले. शाळेत शिकलेलं ज्ञान आणि पाण्यात उतरून शिकलेलं ज्ञान अशी दोन्ही इथं एकाच कामाला लागली. आपल्या आजीच्या तिथीच्या हिशोबाला कुणी अडाणी म्हटलं, तर हे सांगा.

ही पद्धत आली कुठून

पूर्वी लोकांना हिवाळ्यात पाखरं जातात कुठं हेच माहीत नव्हतं. युरोपात कित्येक शतकं शिकलेली माणसंही म्हणायची की काही पाखरं चिखलात दडून झोपतात. मग १८२२ साली जर्मनीत एक करकोचा सापडला, त्याच्या मानेत हातभर लांबीचा बाण आरपार घुसलेला होता. तो बाण आफ्रिकेतला होता. म्हणजे करकोचा आफ्रिकेत गेला, तिथं बाण लागला, आणि तसाच जखमी तो परत उडून आला. तो करकोचा आजही जर्मनीत रोस्टॉक विद्यापीठात जपून ठेवला आहे. त्या बिचाऱ्याच्या जखमेनं पहिला पुरावा दिला. पुढे १८९९ साली डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तरांनी, हान्स मॉर्टेन्सन त्यांचं नाव, मैनेच्या जातीच्या पाखरांच्या पायात नंबर आणि पत्ता लिहिलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. आता बाणाची गरज उरली नाही.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं त्यामागे एक आजार होता. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप यायला लागला. तोच हा माकडताप, जो २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गातही लोकांनी भोगला. गोचिडीतून पसरणाऱ्या या तापाचा विषाणू रशियातल्या एका आजाराच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग प्रश्न आला, उत्तरेतून येणारी पाखरं तर हा आजार आणत नाहीत ना? त्याच्या शोधासाठी १९५९ पासून बीएनएचएसनं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं हजारो पाखरांना कडी घातली. म्हणजे पाखरांच्या अभ्यासाचा धागा थेट आपल्या दवाखान्यापर्यंत येतो.

कडं काय सांगतं

ठाण्याच्या खाडीत यंत्र बसवलेला काळ्या शेपटीचा गॉडविट सायबेरियापर्यंत गेला आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच खाडीत परतला. एवढ्या मोठ्या जगात त्याला ठाण्याचीच खाडी सापडली! २०२२ मध्ये यंत्र बसवलेले रोहित गुजरातेत पोहोचले. त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला, अलास्कात, पाच महिन्यांच्या एका गॉडविटला यंत्र बसवलं होतं. तो अकरा दिवस कुठंही न उतरता साडेतेरा हजार किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर उतरला. कुणी तोंडी सांगितलं असतं तर आपण विश्वास ठेवला असता का?

पण कड्यानं सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ती आहे दक्षिण कोरियातली, आणि ती आपल्या फार जवळची वाटली म्हणून सांगतो.

तिथं सेमांगुम नावाच्या ठिकाणी दोन नद्यांच्या मुखाशी मोठं खाजण होतं. बायका ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या काढायच्या, अगदी आपल्यासारख्या. सरकारनं तिथं तेहतीस किलोमीटर लांबीची भिंत बांधली आणि २००६ च्या एप्रिलमध्ये समुद्राचं पाणी अडवलं. सुमारे चारशे चौरस किलोमीटरचा परिसर भिंतीआड गेला. भरती-ओहोटी थांबली. शिंपल्या मेल्या, बायकांची रोजी गेली. ‘ग्रेट नॉट’ नावाचं पाखरू लाखाच्या घरात तिथं उतरून शिदोरी भरायचं. तेव्हा भिंत बांधणाऱ्यांकडून एक म्हणणं पुढं यायचं: पाखरांना पंख आहेत, ती दुसरीकडे जातील.

गेली का? हे सांगितलं मोजणी करणाऱ्यांनी आणि कडी-पट्ट्या वाचणाऱ्यांनी. कोरियातल्या आसपासच्या खाजणांत तेवढी पाखरं वाढली नाहीत. तीच पाखरं पुढे ऑस्ट्रेलियात जातात, तिथंही त्यांचे आकडे घटले. म्हणजे ती दुसरीकडे गेली नव्हती. ती संपली होती. आज ग्रेट नॉट जगभरात धोक्यात आलेल्या पाखरांत मोजतात.

“दुसरीकडे जातील” हे वाक्य आपणही ऐकलंय ना? पाखरांबद्दलही आणि आपल्याबद्दलही. दुसरीकडची जागा आधीच कुणाच्या तरी पोटापाण्याची असते. पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. अशी माहिती गोळा होत गेली म्हणून तिकडच्या उरलेल्या खाजणांची किंमत जगाला कळली. २०१९ मध्ये चीनमधल्या आणि २०२१ मध्ये दक्षिण कोरियातल्या काही खाजणांना जागतिक वारशाचा मान मिळाला. वहीत लिहिलेला नंबर इतका लांब पोहोचतो.

आपण काय करायचं

आता नीट ऐका आणि जमल्यास लिहून घ्या.

एक. जिवंत पाखराच्या पायात कडं किंवा पट्टी दिसली तर त्याला पकडायला जाऊ नका. मोबाइलवर जमेल तेवढे फोटो काढा. कुठल्या पायाला काय आहे, वर कुठला रंग, खाली कुठला, अक्षर दिसलं तर कुठलं, हे लिहून ठेवा.

दोन. पाखरू मेलेलं असेल तर उघड्या हातानं धरू नका. बर्ड फ्लूसारखे आजार असतात. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, कड्यावरची सगळी अक्षरं आणि सगळे आकडे आहेत तसे उतरवून घ्या, फोटो काढा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बोलवा. नंतर साबणानं हात धुवा. एकाच ठिकाणी बरीच पाखरं मेलेली दिसली, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि वनविभागाला कळवा.

तीन. तारीख, जागा, पाखरू जिवंत होतं की मेलेलं, कसं सापडलं, हे सगळं मुंबईच्या बीएनएचएसला किंवा जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात कळवा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. कडं दुसऱ्या देशाचं असलं तरी चालतं, माहिती पुढे पोहोचवता येते. कळवलं म्हणून कुणी तुम्हाला पकडून नेत नाही.

चार. जखमी पाखरू सापडलं तर भोकं पाडलेल्या खोक्यात, कापड घालून, अंधारात ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. मग वनविभागाला फोन करा.

पाच. फाटकी जाळी खाडीत टाकू नका आणि दिसली तर गोळा करा. भरतीला पाखरं ज्या बांधावर बसतात तिथं पोरांना आणि कुत्र्यांना जाऊ देऊ नका.

सहा. दर जानेवारीत देशभर आणि आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे आणि सामान्य माणसं त्यात भाग घेतात. आपल्या खाडीचा आकडा कुठल्याच वहीत नसेल, तर उद्या तिथं भराव पडताना ‘इथं काहीच नव्हतं’ असं म्हणणं सोपं जातं. आकडा असेल तर बोलायला आधार राहतो.

आमच्या गटानं यंदा एक वही घातली आहे. हप्त्याच्या वहीशेजारीच ती ठेवतो. ओहोटीला गेलेल्या बाईनं परत आल्यावर काय दिसलं ते सांगायचं, लिहिता येणारीनं लिहायचं. जातींची नावं सगळी येत नाहीत अजून. ‘लाल पायाचं’, ‘वाकड्या चोचीचं’, असंही लिहितो. जाळ्याचे तुकडे गोळा करायला तिवरांजवळ एक जुनं पिंप ठेवलंय. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली, आता तीच त्यात जाळी आणून टाकतात.

पौषातल्या एका सकाळी आमच्यातल्या सर्वांत धाकट्या सुनेनं बांधावर बसलेल्या थव्याचा फोटो काढला. मोठा करून पाहिला तर एका चिखल्याच्या पायाला पट्टी! अक्षर धूसर होतं, एकच आकडा नीट दिसत होता. तरी आम्ही तारीख, जागा, रंग लिहून फोटो पाठवून दिला. तेवढ्यावरून ते पाखरू ओळखता येईल की नाही, सांगता येत नाही. पण या वेळी आम्ही पत्र पाण्यात टाकलं नाही.

दोन फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिवस असतो. त्या दिवशी आपापल्या गटानं एक काम करा. तिथी बघा, पाणी उतरायच्या वेळेला खाडीवर जा, अर्धा तास नुसत्या बसा. टोपली घरी ठेवा. किती पाखरं आली, ते मोजा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. आम्हाला रेडिओवर कळवलंत, तर तुमच्या खाडीचा आकडा आम्ही पुढच्या वेळी सगळ्यांना ऐकवू.

येतो मैत्रिणींनो. राम राम!